जायफळ मागायचं राहिलं

शाळा सुटली तेव्हा पाऊस नेहमीसारखाच होता, धड पडत नाही आणि धड थांबत नाही असा. जुलैत आमच्या बेळगावात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. दोरीवरच्या कपड्यांना कुबट वास येतो आणि घरोघरी इस्त्री फिरवून कपडे वाळवायचं काम चालू असतं. टिळकवाडीत रेल्वे गेटाच्या अलीकडे एका कौलारू घराच्या पडवीत कॉफीचं नवीन दुकान झालंय, असं बरेच दिवस ऐकत होते. त्या दिवशी गेले. दाराबाहेर छत्र्या ठेवायला जुनं तांब्याचं घंगाळ ठेवलं होतं, ते पाहूनच बरं वाटलं. आत काउंटरमागे पंचवीस-सव्वीस वर्षांचा मुलगा. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं. ‘गुड इव्हिनिंग, मॅम,’ तो म्हणाला. ‘गुड इव्हिनिंग,’ मी म्हणाले. पुढची दहा मिनिटं आम्ही इंग्रजीतच बोललो. कॉफी कुठली, दूध हवं की नको, आत बसणार की पडवीत, सगळं इंग्रजीत. मग त्याचा फोन वाजला. मान वाकडी करून, फोन कान आणि खांद्यात धरून, हातातलं काम न सोडता तो बोलला, ‘आई, दूध आणलंय की. फ्रीजमध्ये खालच्या खणात बघ. बरं, ठेवू काय? गिऱ्हाईक हाईत.’ फोन ठेवला, माझ्याकडे वळला आणि म्हणाला, ‘सॉरी मॅम. शुगर?’

मी म्हणाले, ‘नो, थँक यू.’

ते ‘नो, थँक यू’ मला अजून सलतं. त्याचं मराठी ऐकून झालं होतं. ‘की’ आणि ‘काय’ लावलेलं, आमच्या गल्लीतलं मराठी. तरीही माझ्या तोंडून इंग्रजीच आलं, आणि त्यानंतर कप उचलून पडवीत जाऊन बसेपर्यंत, पैसे देऊन निघेपर्यंत, आम्ही दोघांनी ते तसंच चालू ठेवलं. मी शाळेत मराठी शिकवते. दिवसभर मुलांच्या तोंडून नीट, भरल्या आवाजात कविता म्हणवून घेते. एकेका वर्गात पूर्वी साठ मुलं असायची, आता वीस असली तरी आम्ही समाधान मानतो, आणि त्या वीसांसाठी माझा जीव तुटतो. त्याच तोंडानं मी हे बोलले होते.

इथल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. अनोळखी माणसाशी पहिलं वाक्य कुठल्या भाषेत बोलायचं, हे आम्ही तोंड उघडायच्या आत ठरवतो. रिक्षात बसताना काचेवर शिवाजी महाराज आहेत, बसवण्णा आहेत की कन्नड झेंड्याचा पिवळा-लाल पट्टा आहे, ते डोळ्यांनी आपोआप टिपलं जातं. कपाळावर कुंकू आहे की विभूतीची रेघ, पदर कुठल्या खांद्यावर, फोनवर गाणं कुठलं वाजतं. हे सगळं पापणी लवायच्या आत होतं, आणि अंदाज बरोबर आला तर समोरचा माणूस जरा सैल होतो, भाजीवाली एक मूठ कोथिंबीर जास्त टाकते. चुकला तर हवा बदलते. एका कार्यालयात मी मराठीतून विचारलं म्हणून पलीकडचा माणूस मान वर न करता कागद चाळत राहिल्याचं मला आठवतं. दुसऱ्या एका ठिकाणी मी अडखळत कन्नडातून सुरुवात केली, तेव्हा समोरच्या बाई हसून म्हणाल्या होत्या, ‘मराठीत बोला की, कशाला त्रास करून घेताय.’ दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकाच गावातलं आहे. इंग्रजीत मात्र कुणाचाच अंदाज चुकत नाही. त्या मुलाला मी दोष देत नाही. रोज दारातून कोण येईल, कुठल्या शब्दावर कुणाचं मन मोडेल, हे सांभाळत त्याला दुकान चालवायचं आहे. त्याच्या पाटीवर वर मोठ्या अक्षरांत कन्नड आहे आणि खाली इंग्रजी. पाटीवर साठ टक्के कन्नड हवं हा नियम २०२४ मध्ये आला, आणि तेव्हापासून अशा पाट्या पाहायची सवय करून घेतेय. लहानपणी आईचा हात धरून खडेबाजारातून, गणपत गल्लीतून चालताना मी दुकानांच्या पाट्या वाचतच अक्षरं शिकले होते. ‘ळ’ मला एका कापडवाल्यानं शिकवला. त्याच्या पाटीवर तो भला मोठा, तांबड्या रंगात होता.

कॉफी मात्र त्या मुलानं मन लावून केली. छोट्या काट्यावर पंधरा ग्रॅम बिया मोजल्या, दळल्या. काचेच्या भांड्यावर शंकूसारखी चाळण, तिच्यात कागद. आधी नुसतं गरम पाणी ओतून कागद भिजवून घेतला आणि ते पाणी फेकून दिलं, कागदाचा वास उतरू नये म्हणून. मग पूड घातली, सपाट केली, आणि लांब चोचीच्या किटलीतून अगदी बेताचं पाणी सोडलं. पूड हळूच फुगून वर आली, वर बारीक बुडबुडे फुटायला लागले. तो थांबला. मीही थांबले. ताज्या भाजलेल्या बियांत वायू कोंडलेला असतो, गरम पाणी लागलं की तो सुटतो, आणि पूड फुगली नाही तर समजायचं की भाजून फार दिवस झालेत, असं त्यानं सांगितलं. तांदळाच्या पिठाची उकड काढताना आई झाकण ठेवून अशीच थांबायची, वाफ मुरू दे म्हणायची. अर्ध्या मिनिटानं त्यानं पुन्हा पाणी सोडायला सुरुवात केली, मधोमध, गोल गोल, धार तुटू न देता. असं काम करणाऱ्या हातांकडे पाहत राहावंसं वाटतं. चांगला विणकर तुटलेला धागा सांधतो तेव्हाही त्याच्या बोटांत ही शांतता असते.

बिया चिक्कमगळूरूच्या होत्या. भिंतीवर बाबाबुडनगिरीच्या डोंगरांचं धुक्यातलं छायाचित्र होतं. सतराव्या शतकात बाबा बुडन हजहून येताना येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून घेऊन आले आणि त्या डोंगरावर लावल्या, अशी कथा सांगतात. त्याच डोंगरावर दत्ताची गादीही मानतात. माझी आजी दत्तभक्त होती. नरसोबाच्या वाडीला जायची तेव्हा तिथं निम्मी माणसं कन्नड बोलणारी भेटायची, आणि गाणगापूरला गेली की निम्मी मराठी. त्याचं तिला कधी नवल वाटलं नाही. कॉफी त्याच डोंगरावरून आली हे कळलं असतं तर तिनं कपाला हात जोडले असते.

मुलानं बियांचं पुडकं माझ्यापुढे धरलं. वास घेऊन बघा, म्हणाला. त्यावर इंग्रजीत छापलं होतं, संत्र्याची साल, गूळ. मी नाक खुपसलं आणि मला वास आला जायफळाचा. पुडक्यात जायफळ नव्हतं हे मला कळत होतं. पण आमच्याकडे कॉफी आणि जायफळ हे दोन वास एकमेकांना सोडून कधी राहिलेच नाहीत, त्यामुळे एक आला की दुसरा मागून येतोच. त्या क्षणी मला विचारायचं होतं, ‘थोडं जायफळ आहे काय रे?’ नटमेग हा शब्द मला येतो. पण ‘डू यू हॅव नटमेग’ असं विचारणं म्हणजे गिऱ्हाइकानं दुकानदाराकडे वस्तू मागणं झालं असतं. ‘जायफळ आहे काय रे’ हे बाई स्वयंपाकघराच्या दारातून विचारते. इंग्रजीत मला ते दार सापडेना. मी पुडकं परत केलं, ‘व्हेरी नाइस’ म्हणाले.

आमच्या घरी चहाला वेळ असायची, कॉफीला कारण लागायचं. ताप आला, पाहुणे रात्री उशिरा उतरले, कुणाचा उपास, कुणाची परीक्षा. आजी सहाण धुऊन घ्यायची, तिच्यावर दुधाचा थेंब टाकून जायफळ धरायची आणि मोजून चार वळसे. पाचवा वळसा दिला तर पोर शाळेत झोपेल, म्हणायची. ते करडं गंध बोटानं निपटून उकळत्या दुधात, मग साखर, मग चमचाभर पूड, आणि एक उकळी आली की लगेच खाली. वर साय धरायच्या आत पेल्यात. आम्हाला ती कडू कधी लागलीच नाही. कॉफी कडू असते हे मला फार उशिरा कळलं, तेही भिंतीपलीकडच्या अज्जीमुळे.

बेळगावातल्याच शहापुरातली आमची गल्ली विणकरांची. दिवसभर मागांचा खटखटाट. मागच्या अंगणात आमच्या आणि शेजारच्या घराच्या मध्ये कमरेएवढी भिंत होती. त्या घरात अज्जी राहायला आली ती हासनकडून, मुलाच्या बदलीबरोबर. तिचं कन्नड आमच्या गल्लीतल्या कन्नड बोलणाऱ्या विणकरांनाही निराळं वाटायचं. ते सगळ्याला ‘री’ लावणार, ही ‘ऊट आयता?’, जेवण झालं का, एवढंच म्हणून थांबणार. तिच्याकडे पितळेचा फिल्टर होता. एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्याच्या बुडाला सुईच्या टोकाएवढी भोकं. पूड घालून ती छत्रीसारख्या दांडीच्या चकतीनं दाबायची, वर उकळतं पाणी, वर झाकण, आणि मग त्याच्याकडे बघायचंही नाही. मी त्या फिल्टरला कान लावून बसायची. आत थेंब पडायचा, बराच वेळ काही नाही, मग पुन्हा थेंब. कधी पूड बारीक निघाली की भोकं बुजायची आणि आवाज थांबायचा. मग अज्जी ते वरचं भांडं चिमट्यात धरून जाळावर पालथं करायची. अडकलेली पूड जळून जायची, जळक्या कॉफीचा वास आमच्या अंगणापर्यंत यायचा, आणि भांडं उजेडाकडे धरून ती एका डोळ्यानं सगळी भोकं तपासायची. तिच्या पुडीत चिकोरी असायची, ऐंशीला वीस. चिकोरीच्या भाजलेल्या मुळामुळे डिकॉक्शन दाट, काळंभोर उतरायचं. पहिल्यांदा चाखलं तेव्हा मी तोंड फिरवलं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा भिंतीशी जाऊन उभी राहिले.

आजीला कन्नड येत नव्हतं, अज्जीला मराठी. भिंतीशी उभ्या राहून दोघी तासतास बोलायच्या. अज्जी बोट दाखवून म्हणायची ‘जाजिकाय’, आजी म्हणायची ‘जायफळ’, आणि दोघींना आनंद व्हायचा. पुढचं आमचं ‘फळ’, त्यांची ‘काय’, एवढाच फरक. आजी आणि अज्जी यांच्यात तर तेवढाही नाही.

१९८६ च्या जूनमध्ये कन्नड सक्तीविरुद्धचं आंदोलन पेटलं तेव्हा मी दहा वर्षांची होते. त्या दिवसांतलं मला जे आठवतं ते फार थोडं आणि फार स्पष्ट आहे. माग थांबले होते. गल्लीत इतकी शांतता मी त्याआधी ऐकली नव्हती. शाळा बंद, बाजार बंद, दूध आलं नव्हतं, आणि आजी तापानं पडली होती. दुपारी भिंतीवर ताटलीचा आवाज झाला. अज्जीनं झाकण ठेवलेलं पितळी भांडं भिंतीवर ठेवलं होतं, आत गरम दूध घातलेली कॉफी. तिच्या घरी तरी दूध कुठून आलं होतं कोण जाणे. बहुतेक नातवासाठी ठेवलेलं असणार. नेहमीसारखी ती भिंतीशी थांबली नाही. ठेवलं आणि आत गेली. आजी उठली, सहाण घेतली, थरथरत्या हातानं चार वळसे घेतले आणि त्या कॉफीत जायफळ घातलं. अर्धी प्याली, अर्धी झाकून ठेवली.

संध्याकाळी बाबा घरी आले. सकाळपासून बाहेर होते, आवाज बसला होता, शर्टाला चिखल. आजीनं कॉफी गरम करून त्यांच्यापुढे ठेवली. बाबांनी वास घेतला. ‘कुठली?’ आजी म्हणाली, ‘पलीकडची.’ ते काही बोलले नाहीत. कप उचलून खिडकीत ठेवला आणि हातपाय धुवायला गेले. मी तो कप रात्रीपर्यंत पाहत होते. त्यावर साय आली, सायीला सुरकुत्या पडल्या, आणि तो तिथंच राहिला.

सकाळी आजीनं अज्जीचं भांडं घासलं. रिकामं भांडं परत देऊ नये म्हणून त्यात मूठभर साखर घातली, आणि साखरेवर एक अख्खं जायफळ ठेवलं. मी ते भिंतीवरून दिलं. अज्जीनं जायफळ उचलून नाकाशी धरलं आणि कमरेला खोचलं. तिच्या कॉफीत जायफळ पुढे कधी आलं नाही, तिला ती चव आवडत नव्हतीच. ते तिच्या देवघरात, फळीवर, कुंकवाच्या करंड्याशेजारी बरीच वर्षं होतं. बदली होऊन ती माणसं गेली त्या दिवशीही मी ते पाहिलं.

बाबांबद्दल लिहिताना माझा हात अडतो. त्यांच्या रागाला कारण होतं, आणि ते कारण मला आजही खोटं वाटत नाही. आपल्या पोराला आपल्या भाषेत शिकू द्या, आपल्या कचेरीतला कागद आपल्याला कळेल असा द्या, एवढंच मागणं होतं ते. बाबांसारखी हट्टी माणसं होती म्हणून मी आज ज्या शाळेत शिकवते ती शाळा उभी आहे. आणि याच बाबांनी त्यांच्या कन्नड सहकाऱ्याबरोबर वर्षानुवर्षं ‘वन बाय टू’ कॉफी प्यायली. एक कप मागवायचा, दोन पेल्यांत करायचा. बाबा ओतायचे आणि स्वतःकडचा पेला नेहमी थोडा कमी भरायचे, हे मी त्यांच्याबरोबर गेले की बघायची. बाबा गेले तेव्हा ते काका सकाळपासून संध्याकाळपर्यंत आमच्या कट्ट्यावर बसून होते, पाणीसुद्धा घेतलं नाही. त्या जूननंतर किती दिवस दोघांनी एकत्र कॉफी घेतली नाही, हे मी बाबांना विचारलं नाही, काकांनाही नाही. आता दोघंही नाहीत.

तो खिडकीतला कप आणि माझं ‘नो, थँक यू’ यांचा एकमेकांशी काय संबंध, मला सांगता येत नाही. एक आठवलं की दुसरं आठवतं.

तीन आठवड्यांनी पुन्हा गेले. पर्समध्ये रुमालाच्या कोपऱ्यात बांधून एक जायफळ घेतलं होतं, आणि रस्ताभर मनात ठरवलं होतं की आज मराठीतच बोलायचं. काउंटरला तो मुलगा नव्हता, एक मुलगी होती. ती हसून म्हणाली, ‘बर्री मॅडम, एन कोडली?’ या, काय देऊ. ठरवलेलं सगळं बाजूला राहिलं. मी भिंतीशी उभ्या असलेल्या आजीसारखी, येतं तेवढं कन्नड गोळा करून म्हणाले, ‘कॉफी कोडवा.’ पुढे काहीतरी चुकलं असणार, कारण ती लाजून म्हणाली, ‘मराठीत बोला की मॅडम. कळतंय मला, खरं बोलताना चुकतंय.’ बैलहोंगलची होती. इथं खोली घेऊन राहते, सकाळी कॉलेज, दुपारनंतर दुकान. मी रुमाल सोडला आणि जायफळ तिच्या हातावर ठेवलं. तिनं नाकाशी नेलं. ‘जाजिकाय!’ म्हणाली, आणि मला एकदम भरून आलं, इतकं की मी उगीचच पर्स बंद-उघड करत राहिले.

सहाण कुठून असणार. लिंबाची साल किसायची बारीक किसणी होती, तिच्यावर तिनं थोडं किसलं आणि तयार झालेल्या काळ्या कॉफीवर भुरभुरलं. दोघींनी एकेक घोट घेतला. चांगली लागेना. जायफळ वर तरंगत राहिलं आणि तुरट उग्र चव घशाशी आली. ‘दूध लागतं याला,’ मी म्हणाले, ‘आणि उकळी.’ ती म्हणाली, ‘दूध संपलंय, दादा आणायला गेलेत.’ मग मी होती तशीच, तळाशी गाळ येईपर्यंत प्याले. जायफळ तिच्याकडेच ठेवून निघाले.

पाऊस पुन्हा सुरू झाला होता. गेट पडलेलं, दोन्ही बाजूंना गाड्या खोळंबलेल्या, कुणीतरी नेहमीप्रमाणे सायकल वाकवून दांड्याखालून पलीकडे जात होतं. माझ्या शेजारी एक स्कूटर येऊन थांबली. हेल्मेटच्या आत तोच मुलगा, पायांशी दुधाच्या पिशव्यांचा क्रेट, पिशव्यांवरून पाणी ओघळत होतं. त्याला गेट उघडायची गरजच नव्हती, दुकान अलीकडेच होतं. गर्दीमुळे वळायला जागा मिळत नव्हती. त्यानं माझ्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि तोंड उघडणार तेवढ्यात मीच म्हणाले,

‘दूध आणलंस काय?’

गाडी जवळ आली होती, रुळ वाजायला लागले होते. त्यानं हेल्मेटची काच वर केली. ‘आणलंय की, मॅडम,’ तो म्हणाला, आणि पुढचं बोलणं गाडीच्या आवाजात गेलं.